सिमेंटचे अंगण



अंगण हा शब्द उच्चारला की आपल्या मनापुढे जे चित्र उभे राहते, त्यात सिमेंट नसते. सारवलेली भुई, मधोमध तुळशीवृंदावन, कुंपणाशी कर्दळीचा ताटवा आणि पायरीपुढे चार ठिपक्यांची का होईना, पण रांगोळी, असे ते चित्र असते. प्रत्यक्षात मात्र आपल्यापैकी पुष्कळांच्या घरापुढे करड्या रंगाचे काँक्रीट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेले असते. त्यावर एखादी दुचाकी उभी असते, एका कोपऱ्यात पाण्याच्या नळीचे वेटोळे आणि दुसऱ्या कोपऱ्यात रिकामे डबे पडलेले असतात. पावसाळ्यात ते शेवाळते आणि वैशाखात त्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही. अशा अंगणाला थोड्या दिवसांत, बेताच्या खर्चात आणि गवंड्याची फारशी मनधरणी न करता काही रूप आणता येईल काय, याविषयी आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, असे एक अंगण मी स्वतः बिघडवलेले आहे. बेळगावात शहापूर भागात आमचे वडिलोपार्जित घर आहे. त्याच्यापुढे साधारण पंचवीस फूट लांब आणि अठरा फूट रुंद अशी मोकळी जागा. 1996 सालच्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर आलो असताना ती सगळी काँक्रीट करून टाकली. हेतू वाईट नव्हता. आई साठीच्या पुढे गेली होती. शेण आणणे, कालवणे, वाकून सारवणे हे तिचे कष्ट वाचावेत आणि बेळगावच्या पावसात चार महिने दाराशी होणारा चिखल टळावा, एवढेच मनात होते. अंगणाच्या कडेला प्राजक्ताचे जुने झाड होते. गवंड्याने त्याच्या बुंध्याभोवती वीतभर जागा सोडली आणि ''आणखी सोडू का साहेब?'' म्हणून विचारले. ''नको, पालापाचोळा अडकतो,'' असे उत्तर मीच दिले. तीन वर्षांनी ते झाड वाळले. झाडे वयानेही मरतात, त्यामुळे सगळा दोष काँक्रीटचा असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण मुळांना वरून मिळणारे पाणी आणि हवा मी तोडली होती, हे माझे मला ठाऊक आहे.

आई काही बोलली नाही. तिने रांगोळी अंगणातून उचलून उंबरठ्याच्या आत आणली, एवढेच. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, ''अरे, तिथं धरत नाही ती. वारा आला की उडून जाते.'' पुढे 2008 साली निवृत्त होऊन मी घरी राहावयास आलो, तेव्हा माझ्या ध्यानात आले की, पहाटे फुले वेचावयास परडी घेऊन अंगणात बसणारी ही बाई आता दिवसच्या दिवस ओटीखाली उतरत नाही. त्या श्रावणात एकदा तुळशीला पाणी घालण्यासाठी उतरली ती शेवाळावरून घसरली. मनगटावर निभावले. दिवाळीपूर्वी या अंगणाचे काही तरी करावयाचेच, असे मी त्या दिवशी ठरवले. पुढे जे सांगणार आहे, ते बहुतेक त्या आठ-दहा दिवसांच्या उठाठेवीत आणि तीत झालेल्या चुकांतून शिकलेले आहे.

पहिली चूक म्हणजे मी थेट रंगाच्या दुकानात गेलो. अंगणाला रंग फासला की ते उजळेल, ही समजूत फार रूढ आहे. वास्तविक काँक्रीटच्या खालून ओल येत असते. वरून जाड रंगाचा थर दिला की ती ओल अडते, फुगे धरतात आणि एक-दोन पावसाळ्यांत अंगणाला खरूज झाल्यासारखे दिसू लागते. सुदैवाने दुकानदार भला माणूस होता. ''आधी धुऊन तरी बघा,'' असे म्हणून त्याने मला परत पाठवले.

धुणे म्हणजे नळीने पाणी मारणे नव्हे. आधी खराट्याने कोरडे झाडून घ्यावे. भिंतीच्या कडेने पांढरा लोणा फुटलेला असेल, तर तो कोरडाच घासून उचलावा. पाणी लागले की तो विरघळून पुन्हा आत मुरतो आणि वाळताना पुन्हा वर येतो. शेवाळासाठी बादलीभर पाण्यात मूठभर ब्लीचिंग पावडर कालवावी, निवळ पाणी अंगणावर ओतून अर्धा तास राहू द्यावे, मग राठ ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवावे. हाताला रबरी मोजे हवेत आणि ते पाणी झाडांच्या मुळाशी जाता कामा नये. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. फरशी लख्ख करण्यासाठी बाजारात मिळणारे ॲसिड काही लोक अंगणावर ओततात. ॲसिड सिमेंटलाच खाते. त्याने पृष्ठभाग खरबरीत होतो आणि त्या खरबरीत जागी शेवाळ पूर्वीपेक्षा घट्ट धरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर यांचा संयोग कधीही होऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो आणि बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो. लोखंडी खुर्चीच्या पायांचे तांबूस डाग राहिले असतील, तर त्यांच्यावर लिंबू पिळून थोड्या वेळाने घासावे. पुष्कळसे फिके होतात.

आमचे अंगण दोन सकाळी घासल्यावर त्याचा रंग करडा नसून किंचित निळसर आहे, हा शोध आम्हांला बारा वर्षांनी लागला! माझी पत्नी म्हणाली, ''एवढंच करायचं होतं तर बारा वर्षं कशाला थांबलात?'' या प्रश्नाला उत्तर नव्हते. सारवलेले अंगण दर आठ-पंधरा दिवसांनी कोणाचा तरी हात मागते, म्हणून ते जिवंत राहते. सिमेंटचे अंगण काहीच मागत नाही, असे आपण समजतो आणि त्याच्याकडे पाठ फिरवतो.

शेवाळ काढले तरी ते पुन्हा येते ते पाणी साचते तेथेच. म्हणून अंगण धुऊन झाल्यावर त्यावर चार बादल्या पाणी ओतून स्वस्थ बसून पाहावे. अर्ध्या तासाने जिथे डबकी उरतील तिथे खडूने कड आखून ठेवावी. अंगणाला दर दहा फुटांस सव्वा इंच तरी उतार असावा. आमच्या गवंड्याने उतार ठेवला होता, पण तो घराच्या दिशेने. अशा खळग्यांवर नुसते सिमेंटचे पाणी फिरवू नये. तो पापुद्रा महिन्याभरात सुटतो. छिन्नीने टाचे मारून जागा खरबरीत करावी, रात्रभर ओली ठेवावी, सिमेंटचा पातळ हात देऊन लगेच त्यावर एकास तीन या प्रमाणाचा माल भरावा आणि सात दिवस ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवावी. सगळ्या कामात वेळ खाणारे काम हे एवढेच. हे सात दिवस मुरत असताना बाकीची कामे उरकता येतात.

मोठ्या अंगणात भेगाही असतात. काँक्रीट वाळताना आकसते, उन्हात फुगते आणि त्याला मोकळीक ठेवली नसेल, तर ते आपली मोकळीक आपणच करून घेते. आमच्या अंगणात एक भेग बरोबर मधून, नदीच्या नकाशासारखी गेलेली होती. पूर्वीचे गवंडी ओल्या सिमेंटवर दोरी दाबून चौकड्या पाडीत, तिची मला आठवण झाली. आता ओले सिमेंट कोठून आणावयाचे? पण फरशी कापण्याचे विजेवर चालणारे यंत्र गवंड्याजवळ असते. त्याने दोरी धरून तीन-तीन फुटांच्या चौकोनांच्या, अर्धा इंच खोल रेघा मारून दिल्या. एका दिवसाचे काम. भेग नाहीशी झाली नाही, पण रेघांच्या जाळ्यात ती हरवली आणि सबंध अंगणाला फरसबंदीचा भास आला. एवढ्या थोड्या खर्चात एवढा पालट मी दुसऱ्या कशाने झालेला पाहिला नाही. धूळ मात्र घरभर उडते, तेव्हा दारे लावून घ्यावीत आणि यंत्रावर पाण्याची धार धरावयास सांगावे.

आता रंगाकडे येतो. सबंध अंगण रंगवू नये, पण रंगाचा एखादा तुकडा अंगणाला फार शोभतो. इंदूरला माझी मामेबहीण असते. माळव्यात सणाला जमिनीवर गेरूचा हात देऊन त्यावर खडूच्या पांढऱ्या रेषांनी मांडणे काढतात. तिच्या घरापुढेही सिमेंटच आहे, परंतु पायरीपुढचा एक चौकोन ती गेरूने रंगवते आणि आपली मराठी ठिपक्यांची रांगोळी त्या तांबड्या चौकोनात घालते. करड्या जमिनीवर पांढरी रांगोळी फिकी पडते, तीच गेरूवर खुलून दिसते. शिवाय गेरूचा पृष्ठभाग किंचित राठ असल्यामुळे रांगोळीची पूडही बरी धरते. मी आमच्या पायरीसमोर तीन फुटांचा एक चौकोन असाच केला. गेरू रात्री भिजत घालावा, सकाळी त्यात डिंकाचे पाणी मिसळावे आणि दोन पातळ हात द्यावेत. पावसाने तो धुपतो, हे खरे. पण दरवर्षी नव्याने देण्यात अर्ध्या तासापलीकडे वेळ जात नाही.

कायमचा तांबडा पट्टा हवा असेल, तर कडेने सहा-आठ इंच रुंदीची जागा टाचून तेथे सिमेंटात तांबडा ऑक्साइड मिसळून माल द्यावा. ऑक्साइडचे वजन सिमेंटच्या वजनाच्या दशांशाहून जास्त नसावे, नाही तर माल कच्चा राहतो. गोव्यात आणि कर्नाटकात जुन्या घरांतून अशा तांबड्या जमिनी आरशासारख्या घोटलेल्या आपण पाहिल्या असतील. अंगणात तो घोटण्याचा मोह आवरावा. घोटलेली जमीन ओली झाली की पाय ठरत नाही, आणि म्हातारे माणूस एकदा पडलेल्या घरात हे कोणी शिकवावे लागत नाही.

याहूनही मौजेची एक गोष्ट आहे आणि तिच्यावर थोडा अधिक वेळ घेतो. ती म्हणजे फुटक्या फरशीचे काम. मडगावकडच्या जुन्या घरांतून चिनी मातीच्या तुकड्यांनी जडवलेल्या जमिनी आढळतात. बडोदे आणि अहमदाबाद येथे घरांच्या गच्च्यांवर पांढऱ्या तुकड्यांचा थर देतात, तो शोभेपेक्षा ऊन परतवण्यासाठी. स्थापत्यकार बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादेत 'संगत' ही आपली वास्तू बांधली, तिच्या कमानदार छपरांवरही हेच तुकडे चमकतात. चंदीगडचे नेकचंद यांनी तर फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि फरश्या गोळा करून सगळी बागच उभारली. ती 1976 साली लोकांना खुली झाली. स्पेनमध्ये बार्सिलोना शहरात गौडी या स्थापत्यकाराच्या ग्वेल बागेतील लांबच लांब नागमोडी बाकाला असेच तुकडे जडवलेले आहेत. सांगावयाचे ते इतकेच की, फुटकी फरशी ही गरिबीची खूण समजून लपवण्याची वस्तू नव्हे.

फरशीच्या दुकानात फुटलेल्या फरश्यांचा ढीग मागील बाजूस पडलेला असतो. मागितल्यास तो फार थोड्या पैशांत, कधी कधी नुसत्या हमालीत मिळतो. त्यातून दोन किंवा तीनच रंग निवडावेत. पाच-सात रंग घेतले की काम मिठाईच्या दुकानासारखे दिसते. फरशी गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडावी, म्हणजे कपच्या उडत नाहीत, आणि तरीही डोळ्यांना चष्मा असावा. मी आमच्या वृंदावनाच्या चारी बाजूंना पांढरे आणि निळे तुकडे बसवले. चालण्याच्या जागी गुळगुळीत तुकडे मुळीच वापरू नयेत. वृंदावन, कट्ट्याची बाजू, पायरीचा उभा भाग, या त्यांच्या जागा. सांध्यांत पांढरे सिमेंट भरून ते ओले असतानाच तुकडे फडक्याने पुसून घ्यावेत. मी हे काम दुसऱ्या दिवसावर टाकले आणि त्या आळसाची शिक्षा म्हणून तीन दिवस चाकूने सिमेंट खरवडीत बसलो. आई ओटीवरून पाहत होती. तिसऱ्या दिवशी ती न राहवून खाली उतरली. ''तो निळा तुकडा उलटा बसलाय,'' असे म्हणाली आणि पाटावर बसून मला तुकडे निवडून देऊ लागली. कितीतरी वर्षांनी ती अंगणात बसलेली मी पाहत होतो.

कुंड्यांविषयी फार सांगत नाही, कारण ती हौस बहुतेकांना असतेच. आमच्याकडे खानापूरच्या कुंभारांची मातीची कुंडी उत्तम मिळते. ज्यांना ती मिळत असेल त्यांनी प्लॅस्टिकच्या नादी लागू नये. सांगावयाच्या गोष्टी दोन. कुंड्या भिंतीला लावून शिपायांसारख्या ओळीत उभ्या करण्याऐवजी उंच, मध्यम, बुटक्या अशा एका कोपऱ्यात एकत्र ठेवल्या, तर त्या बागेसारख्या दिसतात आणि एकमेकींच्या सावलीत त्यांची ओलही टिकते. दुसरे, प्रत्येक कुंडी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे खाली डाग पडत नाही आणि पाणी निघून जाते. भर उन्हाच्या अंगणात अबोली, मोगरा, सदाफुली, कोरफड तग धरतात. सावलीत नेचे ठेवावेत. सिमेंट तापू नये यासाठी मात्र कुंडी पुरत नाही, वेल लागतो. चार बांबूंच्या मांडवावर मधुमालती चढवली, तर तिची सावली जमिनीवर जाळीसारखी पडते, आणि ती जाळी हीच एक शोभा आहे. वेल वाढेपर्यंतचे पहिले दोन उन्हाळे नारळाच्या झापांवर काढावेत.

अलीकडे प्लॅस्टिकच्या हिरवळीचे गालिचे अंगणावर अंथरण्याची चाल पडली आहे. तासाभरात अंगण हिरवे होते, यात शंका नाही. परंतु उन्हात ते गालिचे उघड्या सिमेंटपेक्षाही तापतात, खाली पाणी धरून ठेवतात, आणि उचलून पाहिले तर तळाशी खऱ्या शेवाळाची हिरवळ वाढलेली असते. ज्याला ते आवडते त्याने खुशाल अंथरावेत. मला ते पाहिले की नाटकाच्या पडद्यावर रंगवलेल्या झाडांची आठवण होते.

बसावयाची जागा करणे सोपे. विटांच्या दोन बुटक्या खांबांवर एक जाड शहाबादी फरशी टाकली की बाक झाला. दिवा मात्र उंचावरचा पांढरा फक्क नको. भिंतीशी गुडघाभर उंचीवर पिवळसर उजेडाचा एखादा दिवा ठेवावा, म्हणजे कुंड्यांच्या सावल्या जमिनीवर पडतात आणि दिवसा डोळ्यांत भरणारे दोष रात्री दिसत नाहीत.

सर्वांत शेवटी मी जे केले ते खरे म्हणजे सर्वांत आधी करावयास हवे होते, कारण त्याच्या धुळीने धुतलेले अंगण पुन्हा मळले. ते म्हणजे काँक्रीट फोडणे. सगळे नव्हे. कुंपणाच्या भिंतीकडेने दीड फुटाची पट्टी आणि जिथे प्राजक्त होता तेथे तीन फुटांचा चौकोन. यंत्राने कड कापून घेतली, मग दोन गड्यांनी घण आणि पहार चालवून एका दिवसात ते उपसले. खाली सोलिंगचे दगड निघाले, ते काढून दीड-दोन फूट खोल खड्डा केला आणि माती व शेणखत भरले. मोरीचे किंवा विजेचे नळ खालून गेलेले नाहीत ना, हे आधी पाहून घ्यावे. घराच्या पायाजवळ वड, पिंपळ, उंबर यांना थारा देऊ नये. या पट्टीचा लाभ असा की, उताराचे पाणी गटारात न जाता तिच्यात मुरते, डबके होत नाही आणि डबके नाही म्हणून शेवाळही कमी होते. शोभेसाठी केलेल्या एवढ्या कामांत दुखण्याच्या मुळाशी गेलेले काम हे एकच.

जुन्या झाडाचा बुंधा त्या चौकोनात अजून रुतलेला होता. तो उपटताना आई तेथे उभी होती. मी म्हटले, ''माझं चुकलं तेव्हा.'' ती म्हणाली, ''चुकलं ते चुकलं. आता रोप कुणाकडून आणणार आहेस ते सांग.'' शेजारच्या वहिनींनी आपल्या प्राजक्ताखाली आपोआप उगवलेले वीतभर रोप मुळाच्या मातीसकट काढून दिले. ऑक्टोबरात लावलेल्या रोपाला उन्हाळाभर पाणी घालावे लागते. जूनमध्ये लावले तर एवढी निगराणी लागत नाही. आमचे तिसऱ्या पावसाळ्यानंतर फुलले.

आई 2017 साली गेली. तोपर्यंतच्या बहरांत ती पहाटे पाटावर बसून फुले वेचीत असे. प्राजक्ताची फुले रात्री उमलून पहाटे गळतात, आणि सिमेंटवर ती मातीपेक्षा स्वच्छ राहतात, एवढे श्रेय मी त्या काँक्रीटला देतो. मात्र फुले पडण्याच्या दिवसांत अंगण आदल्या रात्रीच झाडून ठेवावे. सकाळी झाडावयास घेतले, तर फुलेही खराट्याखाली जातात.